धोबी नक्की कधी गेला?

तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. पुण्याच्या पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी नवं घर घेतलंत. हिवाळाभर पार्किंगमध्ये शेपूट हलवत फिरणारा पांढरा धोबी पक्षी मार्चच्या मध्यापासून दिसेनासा झाला, तो गेला का, आणि गेला असेल तर कधी? संध्याकाळी मैनांसारख्या शेकडो पक्ष्यांचे थवे कलकलाट करत डोक्यावरून जातात, ते कोण? एक काळाभोर चिमुकला पक्षी रोज सकाळी खिडकीच्या काचेवर चोच आपटतो, त्याला काय झालंय? बाल्कनीत दाणे-पाणी ठेवावं का? आणि तळमजल्याजवळ धामण दिसली, तिचं काय करायचं?

धोब्यापासूनच सुरुवात करते, कारण माझी पहिली पाच-सहा वर्षं याच प्रश्नावर वाया गेली.

मी टेकडीच्या कडेलाच राहते आणि पंचविसाहून अधिक वर्षं घराभोवतीच्या पक्ष्यांच्या वह्या ठेवते. सुरुवातीच्या वह्या काढल्या की हसू येतं. दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ठळक अक्षरात 'पहिला धोबी!', 'पहिला थिरथिरा!' असं लिहिलंय, खाली दोन-दोन रेघा मारल्यात. शेवटचा धोबी कधी पाहिला हे मात्र एकाही वहीत नाही. येणारा पक्षी स्वतःच वर्दी देतो; काल नव्हता, आज आहे, लगेच लक्षात येतं. जाणारा काही सांगत नाही. तो शेवटचा दिसला त्या दिवशी आपल्याला तो शेवटचा आहे हे माहीत नसतं, आणि आठवड्याभराने आठवण होते तेव्हा तारीख हातातून गेलेली असते. तुमचंही तेच झालंय.

आपल्याकडे वसंतातलं स्थलांतर म्हणजे मुख्यतः निघून जाणं, हे एकदा मनात बसलं की पुढचं सोपं होतं. युरोपातल्या माणसाला वसंतात पक्षी 'येतात'. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात ते निरोप न घेता जातात. सरकारी पातळीवरही आपण स्वागतच करतो. महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो ५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तेव्हा पाहुणे नुकतेच आलेले असतात. मार्चमध्ये ते जातात तेव्हा कोणाचं लक्ष नसतं, परीक्षांचे दिवस असतात.

त्यावर उपाय साधा आहे, पण कंटाळवाणा. रोज एकाच जागेवरून, शक्यतो एकाच वेळी, दहा मिनिटं पाहायचं. सकाळचा चहा बाल्कनीत घ्या, तेवढं पुरे. हिवाळ्यातल्या आठ-दहा पाहुण्यांची नावं वहीत एकाखाली एक लिहून ठेवा आणि रोज प्रत्येकापुढे खूण करा: दिसला, ऐकला किंवा नाही. 'नाही' लिहायला कंटाळा करू नका, कारण सगळी किंमत त्या 'नाही'लाच आहे. सलग तीन आठवडे 'नाही' आलं की मागे जायचं आणि शेवटच्या 'दिसला'खाली रेघ मारायची. ती तुमची तारीख.

तरी एक सावधगिरी. 'दिसला नाही' म्हणजे 'गेला' असं दर वेळी नसतं. धोबी ओलसर जमिनीवरचे किडे टिपतो. मार्चमध्ये पार्किंगची फरशी तापते, कडेचं गवत वाळतं, मग तो तुमच्याकडून उठून जिथे रोज पाणी मारतात अशा एखाद्या हिरवळीवर किंवा नदीकाठी जातो. म्हणून आठवड्यातून एकदा जवळच्या हिरवळीवर किंवा पाणथळ जागी चक्कर टाका. तिथेही नसेल तर गेला समजा. नदीकाठी त्याच्यापेक्षा मोठा, काळ्या डोक्याचा आणि ठळक पांढऱ्या भुवईचा धोबी दिसला तर फसू नका. तो आपला बाराही महिन्यांचा रहिवासी आहे, कुठे जात नाही.

जायच्या आधी धोबी खुणा देतो, त्या पुढच्या वर्षी पाहा. हिवाळ्यात त्याचा गळा पांढरा असतो आणि छातीवर फक्त काळी चंद्रकोर. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पिसं बदलतो, काळा रंग वाढत जातो आणि चेहरा एकदम रेखीव दिसायला लागतो. लग्नाला निघालेल्या माणसाने नवे कपडे घालावेत तसं. खाणंही वाढतं. वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव हिमालय ओलांडून मध्य आशिया किंवा सायबेरियाकडे निघतो, त्याला चरबी साठवावीच लागते. काही जातींचे छोटे वटवटे पक्षी तर निघताना जवळजवळ दुप्पट वजनाचे झालेले असतात. निघायची वेळ त्यांना कळते ती वाढत्या दिवसावरून आणि अंगात असलेल्या वार्षिक घड्याळावरून. पिंजऱ्यात, एकसारख्या उजेडात ठेवलेले स्थलांतरी पक्षीसुद्धा ऋतू आला की रात्रभर अस्वस्थ फडफडतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. त्यामुळे 'यंदा ऊन लवकर पडलं म्हणून पक्षी लवकर गेले' हे ऐकायला पटतं, पण हवामानाने चार-आठ दिवसांचा फरक पडतो. निघायचा मूळ हुकूम उन्हाचा नसतो.

आता संध्याकाळचे थवे. त्या भोरड्या. पळसमैना किंवा गुलाबी मैना म्हणूनही ओळखतात. नीट पाहिलंत तर डोकं, पंख, शेपूट काळे चकचकीत, मधलं अंग गुलाबी आणि डोक्यावर मागे वळलेला तुरा. थव्यात मळकट तपकिरी दिसणारे असतात ते बहुतेक गेल्या हंगामातली पिल्लं. हिवाळ्यात यांचा गुलाबी रंगही मळलेला वाटतो, कारण पिसांची टोकं तपकिरी असतात. ती टोकं झिजत जातात आणि खालचा रंग उघडा पडतो. म्हणजे धोब्याने कपडे बदलले, यांनी आहेत तेच धुतले. मार्चअखेरची भोरडी डिसेंबरातल्या भोरडीपेक्षा कितीतरी उजळ दिसते ती यामुळे.

शेतकऱ्याला भोरडी वेगळ्या कारणाने माहीत असते. ज्वारी हुरड्यावर आली की हे थवे शेतात उतरतात. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारी, डबे वाजवणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत, ती यांच्यासाठीच. पण हीच भोरडी मे-जूनमध्ये कझाकस्तानाकडच्या गवताळ प्रदेशात टोळ आणि नाकतोड्यांवर पिल्लं वाढवते. टोळ ज्या साली आणि जिथे भरपूर, तिथे वसाहत करते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळ आटोक्यात राहावेत म्हणून तिच्यासाठी मुद्दाम घरटी करायला जागा बांधून दिल्या आहेत. आपल्याकडची चोर तिकडे राखणदार आहे.

ज्वारी निघाली की भोरड्या झाडांवर येतात. सावर, पांगारा, पळस या काळात बिनपानांचे, नुसत्या लाल-केशरी फुलांनी भरलेले असतात. तुमच्या टेकडीवर सकाळी सातला एखाद्या फुललेल्या पांगाऱ्यासमोर अर्धा तास बसा. भोरड्या, साळुंक्या, भांगपाडी मैना, बुलबुल, कोतवाल, हळद्या, शिंजीर, कावळे आणि मधूनच खारी, सगळे एका झाडावर. भोरड्यांच्या कपाळावर पराग माखलेला स्पष्ट दिसतो. एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेण्याचं काम त्या करत असतात. सावरीच्या फुलांवर तर रात्री वटवाघळांची पाळी असते. दुर्बीण नसली तरी चालेल. पक्षी शिकायला सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं तर मी फुललेलं एक झाड दाखवते आणि इथेच बस म्हणते. जंगलात वणवण करून जे दिसत नाही ते तिथे दिसतं.

संध्याकाळी तुमच्या डोक्यावरून जाणारे थवे रातथाऱ्याला निघालेले असतात. रातथारा म्हणजे दाट बाभळी, उसाचं शेत, पाणकणसाचं बेट किंवा चक्क शहरातली मोठी झाडं. थवे कुठल्या दिशेला जातात ते दोन-तीन दिवस लिहून ठेवा आणि एका संध्याकाळी त्या दिशेने जा. सूर्य मावळायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी पोचलात तर आकाशात तो काळा धूर वळताना, आकसताना, फाटताना दिसेल. शिक्रा किंवा ससाणा घुसला की थवा मुठीसारखा आवळतो. हे कोणाच्या हुकमाने होत नाही. रोममध्ये युरोपातल्या साध्या मैनांच्या थव्यांची छायाचित्रं घेऊन अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की प्रत्येक पक्षी फक्त सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो, आणि तेवढ्यावर हजारोंचा थवा एकसंध वळतो. मोजायचं असेल तर आधी दहा पक्षी मोजा, तेवढ्या दहाने आकाशात किती जागा व्यापली ते डोळ्यात धरा, मग तसे दहा तुकडे म्हणजे शंभर, असं करत जा. 'हजारो होते' यापेक्षा 'साधारण बाराशे' लिहिलेलं केव्हाही चांगलं, चुकलं तरी.

एप्रिल सरतासरता भोरड्या जवळजवळ संपतात. यांची शेवटची तारीख मात्र तुम्हाला सोपी जाईल, कारण इतका आवाज बंद झाला की कान आपोआप टवकारतात.

खरी कसोटी आहे ती झुडपातल्या बारक्यांची. तुमच्या सोसायटीच्या कुंपणाच्या मेंदीत किंवा जास्वंदीत कोणीतरी 'चक्... चक्' करत असेल, दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसं. तो तपकिरी, काहीच ठसा नसलेला पक्षी म्हणजे ब्लिथचा वटवट्या. तो फिनलंडपासून सायबेरियापर्यंत कुठूनही आलेला असू शकतो. फिनलंड धरलं तर पुण्यापासून सरळ रेषेत सुमारे ६००० किलोमीटर, आणि याचं वजन दहा-बारा ग्रॅम, साधारण दोन चमचे साखरेएवढं. वर आंब्याच्या किंवा पिंपळाच्या पानांत 'चि-वी' असं दोन तुकड्यांत बोलतो तो हिरवट पर्णवटवट्या. हे दोघे पुण्यात जवळजवळ प्रत्येक बागेत असतात आणि शेकड्यात एकालाही माहीत नसतात. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, आवाज ओळखा. यांचं 'शेवटचा दिसला' होतच नाही, 'शेवटचा ऐकला' असतं. हे उशिरापर्यंत थांबतात, एप्रिल उलटेपर्यंत. आणि जायच्या आधी, एखाद्या पहाटे, सहा महिने नुसतं चक्-चक् करणारा वटवट्या चक्क गायला लागतो. गाणं त्याच्या घरच्यासाठीचं, तालीम आपल्या जास्वंदीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अर्धा तास दुसराच पक्षी शोधत होते.

थिरथिरा आणि लाल छातीचा माशीमार यांच्याकडेही लक्ष असू द्या. थिरथिरा कुंपणाच्या भिंतीवर बसून तांबूस शेपूट थरथरवतो, नावच त्यावरून पडलंय. माशीमार शेपूट झटक्याने वर करतो तेव्हा तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसतात. दोघेही मार्च-एप्रिलमध्ये काढता पाय घेतात. यातले बरेच छोटे पक्षी रात्री उडतात, म्हणून कोणी 'जाताना' दिसत नाही. संध्याकाळी होता, सकाळी नाही, इतकंच.

उलटा गैरसमज कोकिळेचा. दर फेब्रुवारीत कोणीतरी आनंदाने सांगतं, 'कोकिळा आली!' ती आलेली नसते, इथेच होती. थंडीत गप्प होती. शिवाय कुहू ओरडतो तो नर, काळा. मादी ठिपकेदार, तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा घाईचा. तांबटाचं 'टुक्-टुक्'सुद्धा ऊन वाढलं की सुरू होतं, तोही गावचाच. तेव्हा वहीत 'पहिली हाक' आणि 'पहिला दिसला' असे दोन वेगळे रकाने करा, नाहीतर घरच्यांनाच पाहुणे करून बसाल.

काचेवरचा तुमचा काळाभोर चिमुकला म्हणजे जांभळ्या शिंजिराचा नर, जवळजवळ खात्रीने. उन्हात मान हलवली की जांभळी-निळी झाक मारतो का पाहा. हिवाळ्याच्या सुरुवातीला तो मादीसारखा पिवळट असतो, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ. विणीच्या हंगामात पूर्ण काळा होतो आणि आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही. काचेत त्याला तो 'दुसरा' दिसतोय. दयाळ, बुलबुल, धोबी हेही गाड्यांच्या आरशांशी असंच भांडतात. आतून पडदा लावून उपयोग नाही, त्याने प्रतिबिंब उलट ठळक होतं. काचेच्या बाहेरच्या बाजूने वर्तमानपत्र किंवा जुनी साडी पंधरा-वीस दिवस लावा. गाडीचा आरसा असेल तर त्यावर पिशवी. आजूबाजूला वेलीला लोंबणारं जळमटासारखं घरटं दिसलं तर मादीचं काम चालू आहे समजा आणि त्या वेलीला हात लावू नका.

दाण्यांचं मी स्पष्ट सांगते: ठेवू नका. तुम्हाला हवे असलेले हिवाळी पाहुणे किडे, मध किंवा फळं खातात. तांदळाकडे धोबी ढुंकूनही पाहत नाही. दाण्याला येतील ती कबुतरं, आणि एकदा आली की मग घर त्यांचं. पाणी मात्र जरूर ठेवा. कुंभाराकडची पसरट मातीची थाळी, खोली दोन बोटं, मध्ये एक चपटा दगड. खोल बादली नको, पिल्लं आणि खारी बुडतात. पाणी रोज बदलायचं आणि थाळी काथ्याने घासायची, नाहीतर डास होतात. मांजर दबा धरेल अशा झुडपाला लागून ठेवू नका, पण उडून बसायला फांदी दोन-तीन हातांवर हवी. दुपारी बारा ते तीन थाळीवर जी वर्दळ असते ती पाहिलीत की रविवारची झोप सोडाल.

त्याहून जास्त उपयोगी अशी दोन कामं आहेत. एक, संक्रांतीचा मांजा झाडांत अडकून राहतो तो काढा. नायलॉन मांजावर २०१७ पासून बंदी आहे, तरी दर वर्षी झाडात सापडतोच, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगाऱ्यावर गर्दी असते तेव्हा त्यात पक्षी अडकतात. लांब बांबूला आकडी बांधून सोसायटीतल्या चार पोरांना घेऊन एका सकाळी होतं. दोन, सोसायटीच्या सभेत झाडांच्या छाटणीचा विषय निघाला की फेब्रुवारी ते पावसाळा छाटणी नको म्हणून भांडा. आमच्याकडे एका वर्षी ऐन मार्चमध्ये 'साफसफाई' म्हणून कुंपण गुडघ्यापर्यंत कापलं. बुलबुलाचं अंड्यांचं घरटं गेलं आणि झुडपातले वटवटे त्याच दिवशी गायब झाले. त्या वर्षीची त्यांची 'शेवटची तारीख' माझ्या वहीत आहे, पण ती त्यांची नाही, कंत्राटदाराची आहे.

मार्चमध्ये झाडाच्या फांदीला किंवा गॅलरीखाली आग्या माश्यांचा घोस लटकलेला दिसू शकतो. त्याही फुलोऱ्यामागे जागा बदलत फिरतात. नुसता माश्यांचा झुपका असेल, आत पोळं दिसत नसेल, तर बहुधा विसाव्याला थांबल्यात. काही तासांत किंवा चार-दोन दिवसांत उठतात. धूर, टेंभा, फवारा काही नको. लांबून जा आणि मुलांना तिकडे खेळू देऊ नका.

धामण राहू दे. बिनविषारी आहे, लांब असते, चपळ असते, म्हणून भीती वाटते. तुमच्या कचराकुंडीजवळचे उंदीर कमी करतेय. ऊन वाढलं की सापांचा वावर वाढतोच. दोन धामणी एकमेकींना वेटोळे घालून उभ्या राहिलेल्या दिसल्या तर ते सहसा 'जोडपं' नसतं, दोन नरांची झुंज असते. पण साप ओळखायची खात्री नसेल तर अंदाज करत बसू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्या भागात आहेत. घरात शिरला तर त्याच्यावर लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पकडायला जाऊ नका, व्हिडिओसाठी तर मुळीच नाही.

घराबाहेर एकच दिवस काढणार असाल तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उजनी धरणाच्या पाण्याकाठी भिगवणला जा. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, तोवर बहुतेक निघायच्या बेतात असतात. हिमालयावरून ७००० मीटरच्या आसपास उडताना त्यांची नोंद झालेली आहे. एखाद्याच्या गळ्यात रंगीत पट्टी आणि तिच्यावर अक्षरं दिसली तर ती टिपून घ्या, मंगोलियात पट्ट्या बांधलेले पट्टकादंब भारतात सापडलेले आहेत. रोहित (फ्लेमिंगो) मात्र थांबलेले असतील. उजनीचं पाणी जसं उतरतं तसा चिखल उघडा पडतो आणि त्यांना उलट मेजवानी मिळते.

नोंदी वहीतच राहू देऊ नका, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही टाका. मात्र यादी पूर्ण टाका, फक्त 'खास' पक्षी नको. रोजच्या दहा मिनिटांच्या पूर्ण यादीत धोबी नसणं हीसुद्धा नोंद होते. नुसत्या धोब्याच्या फोटोंच्या ढिगातून तो कधी गेला हे कधीच कळत नाही.

या वर्षीची तारीख हुकली, ती सोडून द्या. येताना आधी येईल तो बहुतेक दुसराच, पिवळट पोटाचा करडा धोबी, गणपतीच्या आगेमागे. भल्या सकाळी गच्चीवरून 'चिझिक्' असा धातूसारखा आवाज करत, वर-खाली झोके घेत जाईल. तुमचा पांढरा त्यानंतर, नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास. हे पक्षी बऱ्याचदा मागच्याच जागेवर परततात, तेव्हा पार्किंगमध्ये त्याची नेहमीची फरशी कुठली होती ते आत्ताच वहीत लिहून ठेवा.